घडी मोडणे

नोएडात, ऑर्किड टॉवरच्या मागच्या गेटला
चार बांबू, एक निळी ताडपत्री,
आणि तिच्याखाली माझा बाप उभा.
बसलेला मी त्याला फारसा पाहिलेला नाही.

सात किलोची इस्त्री, पोटात निखारे.
ती किती तापली हे तो गालाजवळ नेऊन ओळखतो,
बाई तान्ह्याचा ताप बघते तसं.

तेवीस मजले. वर तो कधीच गेला नाही,
तरी त्याला ठाऊक असतं
कुणाची नोकरी गेली (शर्ट यायचे थांबतात),
कुणाचं पोट सुटलं,
कुठल्या घरात डबलबेडच्या चादरीऐवजी
दोन सिंगल येऊ लागल्या.
आईलासुद्धा सांगत नाही.
कपडा बोलतो, म्हणतो, आपण ऐकून घडी घालावी.

माझी मुलाखत मंगळवारी होती.
सोमवारच्या गाठोड्यात
एकोणीसशे चारच्या सान्यालबाईंचा राखाडी ब्लेझर आला.
मी मागितला नाही. त्याने सुचवला नाही.
त्याने तो इस्त्री केला, हँगरला लावला,
बुधवारी द्यायच्या कपड्यांत टांगला
आणि म्हणाला, जरा चहा पिऊन येतो.

माझा बाप चहा पीत नाही.

बाह्या अर्धा इंच लांब.
खिशात पार्किंगची पावती आणि एक लवंग.
वडील काय करतात? समोरच्याने विचारलं.
गारमेंट्समध्ये आहेत, मी म्हटलं.
त्याने कौतुकाने मान हलवली,
त्याच्या डोळ्यांत मला शंभर मशीनांचा कारखाना दिसला,
मालक काचेच्या केबिनमध्ये.
मला मात्र स्वतःच्याच खांद्यावरून कोळशाचा वास येत होता.

रात्री त्याने ब्लेझर आतून ओलसर केला,
काखेतली माझी भीती वाफेवर काढून टाकली.
नोकरीचं विचारलं नाही.
अंगाला बसला होता का, एवढंच.

बसला.
आता समोरच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर
आम्ही तिघी भाड्याने राहतो.
माझं नाव मिथिलेश कनौजिया. ऑफिसात मला मिथी म्हणतात.
लेश उरला नाही.
आईवडील हरदोईला असतात, असं मी सांगितलंय,
आणि ते खोटं माझं एकटीचं नाही:
राहायला आले त्याच दिवशी तो म्हणाला होता,
गेटवर दिसलो तर थांबत जाऊ नकोस,
माझी कामाची वेळ असते.

वर्षभर मी स्वतःचे कपडे स्वतः इस्त्री केले. वाईट केले.
धोब्याच्या पोरीला कॉलर जमत नाही
हे त्या घरात कुणाला विचित्र वाटलं नाही.
मग परवा, मी ऑफिसात असताना,
तनिष्ठाने तिघींचे कपडे एका चादरीत बांधून
गार्डच्या हाती खाली पाठवले.
त्यात माझा नवा ब्लेझर होता. राखाडीच.
पहिल्या बोनसचा. एकदाही न घातलेला,
दुकानातली घडी अजून मोडायची होती.

रात्री गाठोडं परत आलं.
तनिष्ठाने चिठ्ठी वाचली, कपडे मोजले, पुन्हा मोजले.
नऊ कपडे आणि पैसे आठांचे, ती हसली,
बिचाऱ्याला हिशेब येत नाही वाटतं.

ज्याच्या वहीत वीस वर्षांत
एका रुमालाची चूक नाही, त्याला.

मी काहीतरी बोलणार होते.
हो, म्हटलं. येत नसेल.

खिडकीतून खाली ताडपत्री दिसते,
पोस्टाच्या तिकिटाएवढी, तिच्यात एक बल्ब.
बाह्या कुणीतरी आतून दुमडून अर्धा इंच आखूड केल्या होत्या,
हाताचे टाके, बारीक, बाहेरून न दिसणारे.
मी ब्लेझर हातात धरून उभी राहिले.
अजून गरम होता.
कुठल्या गालाजवळ न्यावा, कळेना.